कोस, मैल आणि तास

दोन गावांमधील अंतर किती, या प्रश्नास भूगोलाचे पुस्तक एकच उत्तर देते. इतिहासात मात्र त्या उत्तराची भाषा वेळोवेळी पालटत आली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात लांजीहून नागपूरला निघालेला प्रवासी अंतर कोसांत सांगे आणि वेळ मुक्कामांत मोजी. रुळांचे युग आले तेव्हा कोसाची जागा मैलाने घेतली आणि मुक्कामाची जागा गाडीच्या वेळापत्रकाने. विमानाच्या युगात तर मैलही मागे पडले. आज एखादे शहर किती लांब आहे असे विचारल्यास 'सव्वा तास' असे उत्तर मिळते आणि ते कोणास चमत्कारिक वाटत नाही. अंतर सांगण्याच्या या तीन रीतींचा इतिहास एकाच ठिकाणी उभे राहून पाहावयाचा असेल, तर मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवरील बालाघाट जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. १८६७ साली हा जिल्हा निर्माण झाला. उत्तरेस व पूर्वेस बैहरचे पठार आणि मैकलच्या रांगा, दक्षिणेस वारासिवनी-लांजीकडील भाताची खाचरे, आणि मधून वैनगंगेचा प्रवाह, असे या जिल्ह्याचे रूप आहे. शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी बालाघाटच्या कुशीतून भंडाऱ्याकडे उतरते. नदी ज्या दिशेने गेली, त्याच दिशेने येथील माणसांची व मालाची ये-जा राहिली. भरवेलीच्या खाणीतील मँगनीज असो, भात असो, की कचेरीत दाद मागण्यास निघालेला शेतकरी असो, सर्वांची वाट गोंदिया-नागपूरकडे वळे. सीमेच्या या पट्ट्यात मराठी बोलणारी घरे आहेत आणि लग्नसंबंधाचे धागे भंडारा-गोंदियाशी पिढ्यान्‌पिढ्या जुळलेले आहेत.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने पूर्वेचा मार्ग हाती घेतला आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून नागपूर व हावडा ही दोन ठाणी सरळ गाडीने जोडली गेली. या मार्गाने मुंबई ते हावडा हे अंतर १,९६८ किलोमीटर भरते. त्यांपैकी ८३७ किलोमीटर नागपूरच्या पश्चिमेस आणि उरलेले पूर्वेस. नागपूरपासून सुमारे १३० किलोमीटरवर गोंदिया हे जंक्शन झाले आणि १९०३ ते १९०५ या काळात तेथून बालाघाट व नैनपूरवरून जबलपूरपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांचा सातपुडा मार्ग टाकला गेला. बालाघाट आगगाडीने जगाशी जोडले गेले खरे, परंतु गोंदियास गाडी बदलल्यावाचून त्याची सुटका नव्हती. गोंदिया ते बालाघाट हा टप्पा अवघा चाळीस-एक किलोमीटरचा. तेवढ्यासाठी माणसे उतरत, पोती उतरत आणि टपालाच्या थैल्याही उतरत. रुंद रुळाची गाडी व अरुंद रुळाची गाडी यांच्या वेळा जुळल्या नाहीत, की चाळीस किलोमीटरचे अंतर शेकडो किलोमीटरच्या अंतराहून मोठे होई.

अंतर आणि वेळ यांची ही फारकत पुढे विमानाच्या युगातही संपली नाही. ती कशी चालू राहिली, हे समजण्यासाठी मध्य भारताच्या आकाशात घडलेल्या एका विलक्षण योजनेकडे वळावे लागते.

विमानाने टपाल नेण्याचा मान हिंदुस्थानला फार लवकर मिळाला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुना ओलांडली आणि सहा मैलांवरील नैनीस नेऊन पोहोचविली. जगातील पहिले अधिकृत विमान टपाल म्हणून हे उड्डाण ओळखले जाते. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबई गाठली आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल पुढे बेल्लारीवरून मद्रासला नेले. ही सर्व उड्डाणे दिवसाची होती. रात्री पत्र जेथे असेल तेथेच मुक्कामास राही आणि आगगाडी मात्र रात्रभर धावत असे. विमान वेगवान असूनही रात्र पडली की त्याचा वेग शून्य होई. त्यामुळे लांबच्या पल्ल्यावर आगगाडीवर मिळविलेली आघाडी त्याच्या हातून निम्मी निसटून जात असे.

स्वातंत्र्यानंतर दळणवळण खात्याचे मंत्री रफी अहमद किडवई यांनी या प्रश्नाची नेमकी गाठ सोडविली. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याचे धोरण अमलात आले. योजना ऐकावयास अगदी साधी होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान उडावयाचे. चौघांनी मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यावयाचे. तेथे थैल्यांची व उतारूंची अदलाबदल व्हावयाची, आणि प्रत्येक विमानाने इतर तीन शहरांचे टपाल घेऊन पहाटेपर्यंत आपल्या गावी परतावयाचे. संध्याकाळी मद्रासला पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत वाटले जाऊ लागले. ज्या काळात कलकत्ता-मुंबई आगगाडीच्या प्रवासास दीड दिवस लागे, त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

नागपूरचीच निवड का झाली? शहर देशाच्या मध्यावर आहे हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. खरे कारण आकड्यांत दडलेले आहे. आकाशमार्गाने सरळ मोजल्यास नागपूर ते मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, नागपूर ते दिल्ली सुमारे ८५०, नागपूर ते मद्रास सुमारे ९१० आणि नागपूर ते कलकत्ता सुमारे ९८५ किलोमीटर भरतात. त्या काळचे डाकोटा विमान ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाने चाले. या वेगाने हिशेब केला, तर मुंबईहून नागपूर २ तास ४० मिनिटे, दिल्लीहून सव्वातीन तास, मद्रासहून साडेतीन तास आणि कलकत्त्याहून पावणेचार तास, असे उत्तर येते. सर्वांत जवळच्या व सर्वांत लांबच्या शहरांत फरक पडतो तो सुमारे एका तासाचा. म्हणजे कलकत्त्याचे विमान मुंबईच्या विमानाआधी तासाभराने निघाले, की दोघांची भेट एकाच सुमारास होऊ शके. जाऊन-येऊन सर्वांत लांबच्या मार्गासही साडेसात तास उड्डाणाचे आणि वर अदलाबदलीचा वेळ. एवढा प्रवास एका रात्रीत मावतो. मध्यबिंदू दोन-तीनशे किलोमीटर इकडेतिकडे सरकविला असता, तर कोणत्या ना कोणत्या शहराचे टपाल सूर्योदयानंतर पोहोचले असते आणि त्या दिवशीच्या वाटपास मुकले असते.

अर्थात कागदावरील हिशेब आणि आकाशातील हिशेब यांत नेहमीच अंतर राहते. विमानाचा वेग हा त्याच्या भोवतालच्या हवेच्या मानाने असतो आणि हवा स्वतः वाहत असते. हिवाळ्यात या प्रदेशावर वरच्या थरांत पश्चिमेचा वारा असतो. तो ताशी ३० किलोमीटर धरला, तर मुंबईहून नागपूरला येणारे डाकोटा सुमारे २ तास २० मिनिटांत येईल, आणि तेच विमान परत जाताना जवळजवळ तीन तास घेईल. अंतर तेच, यंत्र तेच, परंतु जाण्यायेण्यात अर्ध्या तासाहून अधिक फरक पडतो. याशिवाय धावपट्टीपर्यंत चालत जाणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी घिरटी घालणे, यांत जाणारी मिनिटे वेगळीच. म्हणूनच विमानाच्या वेळापत्रकात छापलेली वेळ नुसत्या भागाकाराहून नेहमी मोठी असते.

घड्याळाचाही एक प्रश्न होता. भारतीय प्रमाणवेळ देशभर मान्य होत असतानाच कलकत्त्याने आपली स्थानिक वेळ १९४८ पर्यंत सांभाळली, आणि मुंबईत 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत व्यवहारात राहिला. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता. चार दिशांची चार विमाने एका क्षणी एका जागी आणावयाची, तर सर्वांचे घड्याळ एकच हवे. रेल्वेने देशास एका वेळेची सवय लावली होती. रात्रीच्या टपालाने तिचे महत्त्व नव्याने पटविले.

या सेवेची किंमतही मोजावी लागली. आरंभी ती खासगी कंपन्यांच्या हाती होती आणि पहिल्याच वर्षी मधले काही महिने ती खंडित झाली. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ हवाई कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स महामंडळ अस्तित्वात आले आणि रात्रीचे टपाल त्याच्याकडे गेले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १२ डिसेंबर १९५३ रोजी, पहाटेच्या काळोखात मद्रासकडे निघालेले डाकोटा सोनेगावहून उडताच कोसळले. विमानात १४ जण होते. त्यांतील १३ मृत्युमुखी पडले. त्यांत कामगार चळवळीचे नेते हरिहरनाथ शास्त्री हेही होते. सकाळी दारात पडणाऱ्या पत्रामागे रात्रीच्या उड्डाणाची केवढी जोखीम असते, याची जाणीव त्या दिवशी सर्व देशास झाली. सेवा मात्र थांबली नाही. पुढे काही मार्गांवर चार इंजिनांची स्कायमास्टर विमाने आली, आणि सत्तरीच्या दशकात जेट विमानांनी दिवसाच हे काम उरकण्यास सुरुवात केली तेव्हा नागपूरच्या मध्यरात्रीच्या भेटीची गरज संपली.

आता पुन्हा बालाघाटकडे वळू. नागपूर ते बालाघाट हे सरळ अंतर सुमारे १३५ किलोमीटर आहे. डाकोटाच्या वेगाने अर्ध्या तासाचा पल्ला. नागपूरहून कलकत्त्याकडे नकाशावर रेघ ओढली, तर ती भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यावरून, बालाघाटपासून फार तर पन्नास-साठ किलोमीटर दक्षिणेने जाते. कलकत्त्याची थैली रोज रात्री जवळजवळ डोक्यावरून जाई, नागपूरला उतरे, आणि बालाघाटचे पत्र असल्यास तेथून उलट दिशेस जमिनीवरून परत येई. कलकत्ता ते नागपूर या ९८५ किलोमीटरना पावणेचार तास, आणि नागपूर ते बालाघाट या रुळांच्या सुमारे १७० किलोमीटरना, गोंदियास गाडी बदलण्याचा वेळ धरून, बहुधा त्याहून अधिक. विमानाने देश लहान केला तो मोठ्या शहरांपुरता. मधल्या गावांच्या वाट्यास त्या वेगाचा जो अंश आला, तो शेवटच्या चाळीस किलोमीटरवर अवलंबून राहिला.

याच सुमारास अंतराचा आणखी एक अर्थ बालाघाटच्या अनुभवास आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत बालाघाटची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी नागपूर, भंडारा इत्यादी आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिले, आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. उच्च न्यायालय जबलपूरला गेले. सरळ रेषेत पाहिले तर राजधानी १३५ किलोमीटरवरून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर गेली. रुळांवरून पाहिले तर जबलपूर-इटारसीमार्गे काय किंवा नागपूर-इटारसीमार्गे काय, भोपाळ पाचशे किलोमीटरहून लांब पडले. नदीचा मार्ग पालटला नाही, खाणी हलल्या नाहीत. भरवेलीच्या मँगनीजचा कारभार पाहणाऱ्या कंपनीचे मुख्य कार्यालय नागपुरातच राहिले. आजारी माणूस मोठ्या दवाखान्यासाठी नागपूरकडे जातो आणि सरकारी कागद भोपाळकडे जातो. ज्या जिल्ह्याची माणसे एका दिशेस व कागद दुसऱ्या दिशेस जातात, त्या जिल्ह्यास प्रवासाचा प्रत्येक तास दुप्पट जाणवतो.

बालाघाटच्या हाती आकाशमार्ग अगदीच नव्हता असे नाही. जिल्ह्यात बैहरच्या बाजूस बिरवा येथे एक धावपट्टी आहे, आणि सीमेपलीकडे गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी होती. बिरसी बालाघाटपासून सरळ रेषेत पस्तीस किलोमीटरच्या आत आहे. युद्ध संपले आणि बिरसीचे महत्त्व दीर्घकाळ कमी झाले. २००५ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ती ताब्यात घेतली, धावपट्टी सुमारे २,३०० मीटरपर्यंत वाढविली, आणि तेथे वैमानिकांचे शिक्षण सुरू झाले. या शिक्षणानेही आपली किंमत घेतली. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्यातील लांजी परिसराच्या डोंगरात कोसळले आणि शिक्षक व विद्यार्थिनी अशा दोघांचा अंत झाला.

लहान शहरांना हवाई मार्गाने जोडण्याची 'उडान' योजना २०१६ साली जाहीर झाली आणि तिचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर उडाले. या योजनेतून १३ मार्च २०२२ रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी उतारूंची सेवा सुरू झाली. ती काही महिन्यांत बंद पडली. १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीने गोंदिया-हैदराबाद-तिरुपती अशी सेवा सुरू केली. या दोन्ही प्रसंगी वापरलेली विमाने दोन पंख्यांची, सत्तर-ऐंशी उतारूंची एटीआर जातीची होती. गोंदिया ते इंदूर हे सरळ अंतर सुमारे ४८० किलोमीटर आणि गोंदिया ते हैदराबाद सुमारे ५१५ किलोमीटर आहे. एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. म्हणजे प्रत्यक्ष आकाशातील वेळ एक तासाच्या आसपास, आणि चढण्याउतरण्यासकट सव्वा तास. डाकोटास हेच अंतर कापण्यास दोन तास लागले असते. पाऊण शतकात विमानाने येथे वाचविला तो एक तास.

या एका तासाचे मोल केवढे, हे मात्र विमानाच्या वेगावर ठरत नाही. बालाघाटचा उतारू बिरसीस पोहोचण्यास किती वेळ घेतो, उड्डाणाच्या किती वेळ आधी त्यास हजर राहावे लागते, आणि आठवड्यातून किती दिवस विमान उडते, यावर ते ठरते. विमान रोज असेल, तर हैदराबाद सव्वा तासावर. तेच आठवड्यातून तीनदा असेल, तर एखाद्या दिवशी निकड पडलेल्या माणसासाठी हैदराबाद दोन दिवसांवर जाते. सेवा बंद पडली, तर ते पुन्हा रेल्वेच्या अंतरावर जाऊन बसते. लहान विमानतळांच्या इतिहासात हा चढउतार वारंवार दिसतो. धावपट्टी बांधणे हे एकदाचे काम आहे, परंतु रोजचे उतारू मिळविणे हे रोजचेच काम आहे. चार महानगरांच्या थैल्यांचा भरवसा असल्यामुळे रात्रीचे टपाल दीर्घकाळ टिकले. गोंदियाच्या आकाशास तसा भरवशाचा भार अजून मिळावयाचा आहे.

जमिनीवर मात्र एक मोठा बदल झाला. सातपुडा मार्गावरील जबलपूर-नैनपूर टप्प्यातील अरुंद रुळाची गाडी २०१५ साली बंद झाली, आणि २०२१ पर्यंत गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरपर्यंतचा सर्व मार्ग रुंद झाला. ज्या गोंदियास शतकभर गाडी बदलावी लागे, तेथून आता डबा न सोडता पुढे जाता येते. बालाघाटच्या सामान्य माणसाच्या हिशेबात या बदलाने वाचविलेले तास विमानाने वाचविलेल्या तासाहून कदाचित अधिक असतील, कारण ते रोजचे आहेत आणि थोड्या पैशांत मिळणारे आहेत.

कोसापासून तासापर्यंतच्या या प्रवासात एक गोष्ट आरंभापासून अखेरपर्यंत तशीच राहिली आहे. दोन दूरच्या ठिकाणांमधील अंतर मधल्या लांब टप्प्यावर जितके ठरते, तितकेच दोन्ही टोकांच्या लहान टप्प्यांवरही ठरते. १९४९ साली नागपूरला मध्यरात्री चार विमाने भेटविणाऱ्यांनी हे ओळखले होते. चारही शहरांच्या वाटपाची वेळ आधी पाहून त्यांनी उड्डाणाची वेळ ठरविली. बिरसीच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाची वेळही बालाघाट, वारासिवनी, लांजी येथून निघणाऱ्या मोटारींच्या वेळेशी जुळविली गेली, तर नकाशावरील पाचशे किलोमीटर खरोखरच सव्वा तासाचे होतील. ती जुळणी होईपर्यंत बालाघाटच्या माणसास आकाशातील तास मोजण्याआधी जमिनीवरचे तास मोजावे लागतील.